बाई, येऊ का आत?

आमच्या मॅडम इनक्युबेटरचं दार उघडण्याआधी त्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "बाई, येऊ का आत?" मग क्षणभर थांबायच्या. आतून उत्तर येणार तरी कसं, पण तो क्षण गेल्याशिवाय त्यांनी दाराच्या मुठीला कधी हात लावला नाही. एमएस्सीच्या पहिल्या दिवशी मी हे बघितलं आणि शेजारच्या मुलीला कोपर मारून फिसकन हसले. मॅडमनी मागं वळून न बघता सांगितलं की जिला हसू आलं तिनं उद्यापासून आठवडाभर काचेच्या बाटल्या धुवायच्या. मी धुतल्या.

आठव्या दिवशी त्यांनी मला बोलावून आतल्या बाईंची ओळख करून दिली. फार वर्षांपूर्वी परदेशात एका बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ झाली होती. डॉक्टरांनी त्या गाठीचा तुकडा काढून घेतला. बाई काही महिन्यांत गेली, पण तिच्या पेशी मरायचं नाव घेईनात. त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत, आणि त्यातल्याच काही फिरत फिरत आमच्या कॉलेजात, त्या इनक्युबेटरच्या उबेत येऊन पोचल्या होत्या. ती गाठ ज्या विषाणूमुळं झाली तो विषाणूही त्या पेशींच्या आत अजून आपलं काम करत बसलेला आहे.

"तिचा तुकडा घेतला तव्हा तिला कुणी विचारलं नाय," मॅडम म्हणाल्या. "म्हणून आपण विचारायचं. उशिरा का व्हयना."

त्यानंतर मी हसले नाही, पण विचारलंही नाही. आपण दाराशी बोलताना कुणी बघितलं तर काय म्हणेल, ही लाज मला फार होती. मॅडमना असली कुठलीच लाज नव्हती. बुटक्या, काळ्यासावळ्या, एप्रनच्या खिशात चार पेनं आणि एक ठेच्याचा डबा. रोज फुलंब्रीहून स्कूटरवर यायच्या आणि हेल्मेट काढायचं विसरून थेट वर्गात शिरायच्या. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं, असं एका धीट मुलीनं विचारलं तर म्हणाल्या की एक-दोन बघायला आले होते, पण ते बोलण्याआधी हात धुवत नव्हते.

त्यांचे स्वतःचे हात कायम उघडे. घड्याळ नाही, अंगठी नाही, दोरा नाही, बांगडीचं तर नावच नको. पेशी वाढवायच्या खोलीला एक मोठी काच होती आणि खोलीच्या दाराशी स्टीलचा डबा. आत जाणाऱ्यानं हातातलं, बोटातलं, मनगटातलं सगळं त्या डब्यात काढून ठेवायचं, कारण बांगडीच्या खाली जंतू बसतात आणि हातमोज्यालाही भोक पडतं. नवीन लग्न झालेल्या एका मुलीला हिरवा चुडा उतरवायला घरच्यांनी मनाई केली, तर मॅडमनी तिला महिनाभर काचेबाहेर बसवलं. आशीर्वाद भरपूर दिले, पण ते सगळे काचेच्या आतून.

"विषाणू पेशीचे संदेशमार्ग कसे वापरतात" हा आमच्या अभ्यासक्रमातला सगळ्यात किचकट भाग. पुस्तकात नुसते बाण. हा रेणू त्याला सांगतो, तो तिसऱ्याला सांगतो, तिसरा केंद्रकात जाऊन निरोप पोचवतो. आम्ही ते बाण पाठ करून परीक्षेत ओकायच्या तयारीत होतो. मॅडमनी पुस्तकं मिटायला लावली आणि सगळ्या वर्गाची वरात प्राचार्यांच्या केबिनकडे नेली. प्राचार्य त्या दिवशी बाहेरगावी होते. त्यांच्या टेबलावर घंटीचं बटण होतं. एकदा वाजली की शिपाई, दोनदा वाजली की हेडक्लार्क आणि तीनदा वाजली की चहा, हे कॉलेजात सगळ्यांना पाठ होतं. मॅडम आत गेल्या, तीनदा बटण दाबलं आणि बाहेर येऊन आमच्यात उभ्या राहिल्या. पाच मिनिटांनी शिपाईमामा आले. रिकाम्या खुर्चीसमोर त्यांनी कप ठेवला, त्यावर बशी झाकली आणि आले तसे निघून गेले.

"मामांनी घंटी ऐकली, वाजवणारा नाय बघितला," मॅडम म्हणाल्या आणि तो चहा प्यायला लागल्या. पीत पीत त्यांनी बाकीचं सांगितलं. विषाणू दार फोडून घुसतो असं आपल्याला वाटतं, पण तो चोरासारखा येतच नाही, सोयरा बनून येतो. पेशीच्या अंगावर निरोप घ्यायला जागोजाग घंट्या असतात. त्या असतात वाढ करायच्या निरोपासाठी, अन्न आलंय हे कळण्यासाठी. विषाणू त्यातली एक वाजवतो आणि आतली सगळी माणसं इमानेइतबारे त्याच्या कामाला लागतात. दोष कुणाचाच नसतो, मामांचाही नव्हता.

पुढं काही महिन्यांनी ते बटण खरंच अडकून बसलं. घंटी थांबेना. आधी मामा पळत आले, मग हेडक्लार्क चष्मा सावरत आले, मग चहा आला, आणि घंटी चालूच म्हणून परत चहा आला. तेवढ्यात मॅडम आमच्या वर्गात धावत आल्या आणि कॅन्सर बघायचा असेल तर लवकर चला म्हणाल्या. प्राचार्य सहा कप चहापुढं कानात बोटं घालून बसले होते आणि दारात आम्ही वीस मुली वह्या उघडून उभ्या. काही विषाणू पेशीच्या आवरणात स्वतःची घंटी बसवतात आणि तिचं बटण पहिल्यापासून दाबलेलंच असतं, हे मॅडमनी तिथंच उभ्या उभ्या शिकवलं. बाहेरून कुणी निरोप देत नाही, तरी आत 'वाढ, वाढ' चालूच राहतं. प्राचार्यांनी मॅडमना केबिनबाहेर काढलं, पण त्या प्रश्नाला मला वीसपैकी वीस मिळाले.

खुर्चीचं प्रकरण मात्र त्यांच्या अंगाशी आलं. कॉलेजात मोडकं सामान भंगारात काढायचं असलं की त्यावर लाल खडूनं फुली मारायची रीत होती. त्या बाईच्या पेशीतला विषाणू काय करतो हे मॅडमना आम्हाला दाखवायचं होतं. प्रत्येक पेशीत एक राखणदार प्रथिन असतं. पेशी बिघडली तर हा राखणदार तिला थांबवतो, नाहीच ऐकलं तर मरायला लावतो. विषाणू या राखणदाराला स्वतः मारत नाही, फक्त त्याच्या पाठीवर कचऱ्याची खूण चिकटवायला लावतो. मग पेशीचेच सफाईवाले त्याला उचलून नेतात. हे समजावून सांगताना मॅडमनी स्वतःच्या कोऱ्या करकरीत फिरत्या खुर्चीवर लाल फुली मारली आणि तास संपल्यावर पुसायला विसरल्या. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला, फुली बघितली आणि खुर्ची घेऊन गेला. एवढी नवी खुर्ची का नेता, असं वाटेत एकाही माणसानं विचारलं नाही, याचाच मॅडमना आनंद जास्त झाला. पुढं निवृत्त होईपर्यंत त्या लाकडी स्टुलावर बसल्या. नवी खुर्ची मागितली तर आधीची कुठं गेली ते लिहून द्यावं लागलं असतं.

या सगळ्या गोष्टी मी हॉस्टेलवर रंगवून सांगायचे. मॅडमची नक्कल मला फार छान जमायची, हेल्मेटसकट. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत त्या माझ्यासाठी एक गंमतच होत्या.

दिवाळीत मी पिशोरला घरी गेले. आमचं घर शेतकऱ्याचं, त्या वर्षी अद्रक लावलेलं होतं. तिसऱ्या दिवशी गोठ्यामागं दोरीवर आईची कापडं वाळत घातलेली दिसली. आईची पाळी जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी विचारलं तर आधी म्हणाली काही नाही. मग म्हणाली, चार-पाच महिन्यांपासून अंगावरून जातंय मधून मधून, उष्णता हाय, जाईल. ज्या विषाणूचा मी वर्षभर अभ्यास करत होते तो डोळ्यांपुढं उभा राहिला.

आणि मग मी जो मूर्खपणा केला तो फक्त नवीन शिकलेलं माणूसच करू शकतं. त्याच संध्याकाळी सगळे जेवायला बसलेले असताना मोबाइलवर गाठींचे फोटो उघडून मी आईपुढं धरले. दादांसमोर, म्हणजे माझ्या वडिलांसमोर, भावासमोर, काकूसमोर. हे असं होतं, तू मरशील, असंही म्हणाले. दादा ताटावरून उठून गेले. भाऊ माझ्यावर ओरडला. आई दोन दिवस माझ्याशी बोललीच नाही. काकूमार्फत आख्ख्या गल्लीला बातमी लागली आणि शेजारच्या बायका मला बघून दारं लोटून घ्यायला लागल्या. निघताना आईनं मला तिची शपथ घातली, की दवाखान्याचं नाव परत काढलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील. मी शहरात परत आले ती थेट प्रयोगशाळेच्या बेसिनपाशी जाऊन रडायला लागले.

मॅडमनी ठेच्याचा डबा बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं. धीर वगैरे काही दिला नाही. उलट माझी चूक मला व्यवस्थित समजावून सांगितली. एका पेशीला धोका कळला की ती ओरडते, आणि तिचं ओरडणं ऐकून आजूबाजूच्या सगळ्या पेशी आपापली दारं घट्ट लावून घेतात. शिरायचंय त्यानं अशी बोंब होऊच द्यायची नसते, विषाणू तर ती होऊ नये म्हणून आधी त्या पेशीचंच तोंड दाबतो. मी मात्र जेवणाच्या पंगतीत भोंगा वाजवला होता.

"आता रडणं पुरं," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईची घंटी कोणती ते सांग मला. आई कुणाचं ऐकती?"

मी नावं सांगत गेले आणि एकेकाला स्वतःच खोडत गेले. दादांचं ऐकल्यासारखं करते. भावाचं ऐकते पण करत नाही. तपासणीचं सांगायला सरकारी आशाताई आल्या तर त्यांना चहा पाजून वाटेला लावते. डॉक्टरांना ती कालची पोरं म्हणते. मॅडमनी मग प्रश्न फिरवला आणि विचारलं की आई कुणापुढं गप बसते. यावर मला विचारच करावा लागला नाही. माझी आई झोपेतसुद्धा बोलते, पण आठवडी बाजारात कासारीण चाचीपुढं हात देऊन बसली की तिच्या तोंडून शब्द निघत नाही.

रविवारी बाजार होता. मॅडमनी मला स्कूटरवर मागं बसवलं आणि फुलंब्रीवरून पिशोर गाठलं. आईला दिसू नये म्हणून मला हेल्मेट घालायला लावलं, स्वतः डोक्याला पदर गुंडाळला. चाची नेहमीच्या जागी गोणपाटावर बसलेली होती. साठी ओलांडलेली, दातांत मिसरी, मागं काठ्यांवर बांगड्यांच्या माळा. मॅडम तिच्यापुढं मांडी घालून बसल्या आणि दोन्ही हात पुढं केले. चाचीनं ते हात उलटेपालटे करून बघितले. या हातात कधी चूडी गेलेली दिसत नाही म्हणाली. मॅडमनी मान हलवली.

बांगडी भरताना कासारीण आपला पंजा दाबून दाबून मऊ करते, मग एकेक बांगडी चढवते. तेवढा वेळ हात तिचा असतो, ओढून घेतला तर काच लागते. त्यामुळं ती विचारेल ते सांगावं लागतं आणि सांगेल ते ऐकावं लागतं. बोलायला आल्या होत्या मॅडम, पण प्रश्न चाचीच विचारत गेली. कुठून आलात, कुणाकडं, नवरा का नाही, इकडं काय काम. मॅडमनी सरळ सगळं सांगून टाकलं. आईचं नाव आलं आणि चाचीचे हात थांबले.

"मेरे पास आके औरतां सब बोलते," ती हळू आवाजात म्हणाली. "वो भी बोली थी. मैंच बोली उसकू, उमर का है, जाने दो."

मला हेल्मेटच्या आत रडू आलं. आई माझं का ऐकत नव्हती ते मला तेव्हा कळलं. मी भोंगा वाजवण्याच्या कितीतरी आधी, तिच्या विश्वासाच्या जागेवरून तिला दुसराच निरोप मिळालेला होता. मला चाचीचा राग आला, आणि तिचा चेहरा बघून तो राग टिकलाही नाही. तिनं मॅडमच्या दोन्ही हातांत मिळून दोन डझन हिरव्या बांगड्या भरल्या, पैसे घेतले नाहीत आणि मॅडमचे हात सोडलेही नाहीत.

"अब मैंच बोलूंगी उसकू," ती म्हणाली. "पर मेरे अकेली पे नक्को डालो. वो दवाखाने जाके ठीक होके घर आती, तब तक तुम भी ये चूड्यां उतारना नक्को."

मॅडमनी शब्द दिला. स्कूटर सुरू करताना त्या हाताकडं बघून एवढंच म्हणाल्या की आता ब्रेक दाबला तरी गाव जागं होणार.

सोमवारी आमच्या मॅडम हिरव्या बांगड्यांनी भरलेल्या हातांनी कॉलेजात आल्या तेव्हा शिपाईमामा उठून उभे राहिले. स्टाफरूममध्ये अभिनंदन सुरू झालं. मॅडम डब्यापाशी गेल्या, स्वतःचाच नियम वाचला आणि काचेच्या बाहेर स्टूल टाकून बसल्या. साबण लावून बांगड्या काढा, चाचीला पिशोरात कसं कळणार, असं आम्ही सुचवून बघितलं. अपशकुनाची भीती वाटते का, असंही कुणी तरी विचारलं. वडिलांनी धम्म घेतला त्याच दिवशी आमच्या घरातनं शकुन-अपशकुन गेले, असं त्या म्हणाल्या. हा प्रश्न दिलेल्या शब्दाचा आहे.

तर पेशी सांभाळायचं काम माझ्याकडं आलं. आजवर त्यांनी त्या बाईंच्या पेशींना दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. आता मी आत आणि त्या काचेबाहेर, आणि काचेतून आवाज जात नाही म्हणून बांगड्यांवर काम. दाराच्या खालच्या फटीतून तेवढी किणकिण यायची. एकदा किणकिण म्हणजे सावकाश. दोनदा म्हणजे नळी बदल. बाटलीतलं गुलाबी पाणी पिवळं पडलं म्हणजे पेशींना भूक लागली, ते माझ्या आधी त्यांना बाहेरून दिसायचं आणि तीनदा किणकिण व्हायची. लांब, सलग किणकिण म्हणजे बोलणी, आणि ती मी रोज खात होते. पहिल्याच दिवशी मी न विचारता इनक्युबेटर उघडला तेव्हा त्यांनी दोन्ही हात काचेवर आपटले आणि दोन बांगड्या वाढवल्या. मग घाबरून चाचीला फोन करून विचारलं की यानं शब्द मोडतो का. टूटे सो टूटे, उतारे नहीं ना, असा निकाल चाचीनं दिला.

पुढच्या बाजारानंतर रात्री आईचा फोन आला. चाचीनं अर्ध्या बांगड्या भरून हात धरून ठेवला आणि काय काय सांगितलं ते आईनं मला आजतागायत कळू दिलेलं नाही. फोनवर तिनं एवढंच सांगितलं की मंगळवारच्या पहिल्या बसनं येते, दादांना मी सांगितलंय, ते संग येतायत.

मोठ्या सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, तुकडा घेतला. मी नातेवाईक म्हणून सही केली तेव्हा डॉक्टरबाईंनी आईलाही कशासाठी ते समजावून सांगितलं आणि तिचा अंगठा नव्हे, सही घेतली. रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागणार होते. त्या दिवसांत एकदा मी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघत बसले होते. बिघडलेल्या, एकमेकींवर चढलेल्या, जोमानं वाढणाऱ्या. आईच्या पोटात हेच आहे, असं मनात आलं आणि मला बाटलीला हात लाववेना. बाहेर किणकिण झाली. मी हलले नाही. परत झाली. मग मॅडमनी त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदा नियम मोडला आणि बांगड्यांसकट आत डोकं घातलं.

"ती बाई येगळी, तुझी आई येगळी," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईला आपण येळंत विचारलंय. चल, पाणी बदल त्यांचं."

मी पाणी बदललं. त्याआधी दारावर टकटक केली आणि विचारलंसुद्धा. कुणी बघत होतं की नाही, ते बघितलं नाही.

रिपोर्ट आला. गाठ कॅन्सरचीच होती, पण कोवळी, गर्भपिशवीच्या तोंडापुरती. बाहेर कुठं पसरलेली नव्हती. पिशवी काढली, किरणांचे शेक घ्यायची गरज पडली नाही. अजून दोन-चार महिने उष्णता म्हणून काढले असते तर हिशेब वेगळा झाला असता, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मी ते मॅडमना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ खिशातली पेनं मोजत राहिल्या. मग म्हणाल्या की आईला सोडल्यावर पायरीवर जपून उतरव.

आई घरी गेली, महिन्याभरानं दाखवायला परत आली आणि मला मॅडमना भेटायचंय म्हणाली. तोवर मॅडमना काचेबाहेर बसून दोन महिने होत आले होते. आईनं पिशवीभर अद्रक आणलं होतं. मॅडमनी तिला स्टूल दिलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. एवढ्या मोठ्या मॅडमला बसायला खुर्ची नाय का, असं आईनं मला विचारलं. मी म्हटलं, ती मोठी गोष्ट आहे. मग आईनं चाचीचा निरोप सांगितला. मी बरी होऊन घरी आले, आता तुमी मोकळ्या, काढा बांगड्या. मॅडमचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं. साबणाची वडी त्यांनी आधीच काढून ठेवली होती. त्या बेसिनकडं निघाल्या तेवढ्यात आईनं सहज विचारलं.

"मॅडम, तुमी केली का हो ही तपासणी?"

मॅडम थांबल्या. मी हसत हसत त्यांच्याकडं बघितलं आणि माझं हसू तसंच राहिलं. वीस वर्षं तो विषाणू शिकवणाऱ्या बाई नळाकडं बघत होत्या. हळूहळू एकेक बाहेर पडलं. दर सुट्टीत जायचं ठरवते. मग पेपर तपासायचे असतात. आणि पेशींना कुणाच्या भरवशावर सोडायचं. मला काही त्रास नाही, असंही त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता आपण काय बोलतोय ते त्यांच्याच कानावर पडलं असावं.

आई उठली. अजून तिला पोट धरून उठावं लागत होतं. तिनं जाऊन मॅडमचा हात धरला, अगदी चाची धरते तसा, पंजा दाबून. मॅडमनी सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, बांगड्या वाजल्या.

"साबण ठिवा तिकडं," आई म्हणाली. "तुमी जाऊन येत नाय तवर ह्या राहू द्या. मी येते संग. मला आता रस्ता म्हाईत झालाय."

माझ्या आईला मी एवढ्या मोठ्या माणसाला हुकूम सोडताना कधी बघितलं नव्हतं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्या बाजूनं काही बोलेन असं त्यांना वाटलं असेल. मी साबणाची वडी उचलून खिशात टाकली.

पुढच्या आठवड्यात आई पिशोरहून पहिल्या बसनं आली आणि दवाखान्याच्या बाकावर मांडीवर मॅडमचं हेल्मेट घेऊन बसून राहिली. मॅडमना आत बोलावलं तेव्हा त्या दारात घुटमळल्या, तर आईनं मागून, जावा, काय नसतं, असं म्हटलं. दहा दिवस मॅडम काचेबाहेर नुसत्या बसून होत्या. किणकिणही करत नव्हत्या. मी चुका केल्या तरी नाही. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी तो मला उघडायला दिला. काही नव्हतं, सगळं स्वच्छ होतं. मी वाचून दाखवलं, मग त्यांनी माझ्या हातातून घेऊन स्वतः दोनदा वाचला.

रविवारच्या बाजारात चाचीनं त्यांच्या बांगड्या उतरवल्या. एकही फुटू दिली नाही. शेजारी आई बसलेली होती, आणि तिच्या शेजारी आमच्या गल्लीतल्या चार बायका हात पुढं करून.

सोमवारी मॅडम कॉलेजात आल्या तेव्हा मनगटं पुन्हा उघडी होती, फक्त बांगड्यांच्या जागी कातडी थोडी उजळ दिसत होती. त्यांनी डब्यापाशी सवयीनं हात झटकले, आत आल्या, मला बाजूला केलं. इनक्युबेटरवर दोनदा टकटक केली.

"बाई, येऊ का आत?"

त्या दिवशी त्या नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ थांबल्या. मीही त्यांच्यामागं थांबले.